शब्दचर्चा : ‘बॅलन्स्ड’ म्हणजे ‘संतुलित’ का?

प्रश्न (ठाणे) : सोसायटीच्या हॉलमधल्या साउंड सिस्टिमसाठी मराठीत सूचना लिहायच्या आहेत. ‘बॅलन्स्ड’ला ‘संतुलित’ आणि ‘सिंगल-एंडेड’ला ‘असंतुलित’ किंवा ‘एकतारी’ लिहू का? दुकानदार ‘बॅलन्स्ड करणारा अडॅप्टर’ म्हणतात, ते बरोबर आहे का?

उत्तर (वाशी) : ‘संतुलित’ चालेल, पण तराजूच्या अर्थाने. बॅलन्स्ड केबलमध्ये सिग्नलच्या दोन तारा असतात. दोन्हींचा ग्राउंडशी (सर्किटच्या शून्य टोकाशी) इंपीडन्स, म्हणजे विद्युत अडथळा, सारखा, म्हणून वाटेत शिरलेली 50 हर्ट्झची घरघर दोन्हींवर सारखीच चढते. अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही तारांतला फरक घेतो, तेव्हा ती आपोआप वजा होते. डाव्या-उजव्या आवाजाच्या ‘बॅलन्स’ नॉबशी याचा काही संबंध नाही, हे सूचनांत आधी लिहा. ‘असंतुलित’ नको, त्यात दोष सुचतो. दोन-तीन मीटरपर्यंत आरसीए (टीव्ही-डेकची साधी गोल पिन, सिंगल-एंडेड) छान चालते. ‘एकतारी’ तर वाद्य झालं, आणि इथे मधली तार व तिच्याभोवतीची जाळी (शील्ड) असे दोन वाहक असतात. ‘सिंगल-एंडेड’ तसंच ठेवा.

‘बॅलन्स्ड करणारा’ मात्र साफ चूक. साधा आरसीए-एक्सएलआर (एक्सएलआर म्हणजे माइकची तीन पिनांची गोल जोडणी) अडॅप्टर आत 3 नंबरची पिन 1ला जोडतो, बस्स. पिन बदलते, सिग्नल तोच राहतो. खरोखर बॅलन्स्ड करायचं तर ट्रान्सफॉर्मरच्या डीआय बॉक्ससारखं (सिग्नल बॅलन्स्ड करून देणारी डबी) साधन लागतं.

त्याहून स्वस्त उपाय म्हणजे दोन तारा आणि जाळीची माइक केबल. आरसीएच्या मधल्या टोकाची तार एक्सएलआरच्या पिन 2वर, बाहेरच्या कड्याची तार 3वर, जाळी 1वर. आरसीएकडे जाळी कड्यालाच डाख देऊन जोडा. ग्राउंडचा प्रवाह मग जाळीतून जातो, 3च्या तारेतून नाही. पिन 3 मोकळी ठेवलीत तर घरघर वाढते. आवाज थोडा कमी येईल : घरगुती उपकरणांची सिग्नल लेव्हल 0.316 व्होल्ट, प्रोफेशनलची 1.23, म्हणजे सुमारे 12 डीबीचा (डेसिबल) फरक. अ‍ॅम्प्लिफायरचा गेन (सिग्नल किती मोठा करायचा ते) वाढवून घ्या.

उत्तर (ऐरोली) : ‘स्टीरिओ पिन’ हाही फसवा शब्द. लॅपटॉपच्या 3.5 मिमी पिनला आणि बॅलन्स्ड जॅकला तीनच कडी, पण अर्थ वेगळे. 3.5 मिमी ते एक्सएलआरच्या काही तयार केबलींत डावा चॅनल पिन 2वर आणि उजवा पिन 3वर असतो. अ‍ॅम्प्लिफायर वजाबाकी करतो आणि मधोमध असलेला गायकाचा आवाजच गायब होतो, मागे पोकळ वाद्यं उरतात. स्पीकर बिघडलाय असं वाटतं. मोनो हवं असेल तर दोन्ही चॅनल थेट एकत्र पिळू नका, प्रत्येकात 1 किलोओहमचा रेझिस्टर घाला.

प्रश्न (ठाणे) : आणि हेडफोनच्या बॅलन्स्ड जॅकला साधा हेडफोन लावला तर?

उत्तर (वाशी) : लावू नका. साध्या हेडफोनमध्ये डाव्या-उजव्याची परतीची तार एकच असते, त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायरची दोन निगेटिव्ह आउटपुट एकमेकांना शॉर्ट होतात आणि आतली चिप जळू शकते. उलट दिशा, म्हणजे बॅलन्स्ड हेडफोन साध्या जॅकला, अडॅप्टरने चालते.

उत्तर (कळवा) : एक शब्द राहिला, ‘अर्थ’ (इंग्रजी ‘earth’). ऑडिओचं ग्राउंड आणि भिंतीतल्या सॉकेटचं अर्थिंग वेगळं लिहा. घरघर घालवायला कुणी थ्री-पिनची मोठी पिन काढून टाकायला सांगितली तर ऐकू नका, आतला फॉल्ट थेट कॅबिनेटवर येतो. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. घरघर थांबली तर ग्राउंड लूप (दोन उपकरणांच्या ग्राउंडमधून फिरणारा नको असलेला प्रवाह) तिथेच आहे, ऑडिओ केबलच्या वाटेत ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका.