कापूस पाणी पितो, पण कुठला?
पाण्यावर सांडलेलं तेल कापसाने टिपायचं म्हटलं की "कापूस तेलाआधी पाणीच पितो" असं कुणीतरी म्हणतं. ते मेडिकलमधल्या पांढऱ्या कापसापुरतं खरं. तो कॉस्टिक सोड्यात उकळून, ब्लीच करून त्याच्यावरचं नैसर्गिक मेण काढलेलं असतं, म्हणून तो लगेच भिजतो आणि बुडतो. सरकी काढलेल्या कच्च्या कापसावर ते मेण असतं. पण खरी कमाल काटेसावरीच्या कापसाची. त्याचा तंतू मेणचट आणि आतून पोकळ, त्यामुळे पाण्याला दाद देत नाही, तेल मात्र आत ओढतो. पांढऱ्या सावरीचा असाच कापूस पूर्वी लाइफ जॅकेटात भरायचे.

दिंडोरीकडच्या आमच्या मळ्यात इंजिनाचं डिझेल विहिरीत सांडलं होतं. आईने जुनी सावरीची उशी उसवली (कुरकुर करतच), कापूस मच्छरदाणीच्या तुकड्यात बांधून दोरीने सोडला. मोकळा टाकू नका, वाऱ्याने नाकातोंडात जातो! पुरचुंडी तवंगावर तरंगत राहिली आणि तासाभरात काळपट, जड झाली. पिळली तर जवळजवळ नुसतं डिझेलच. तीच पुन्हा तीनदा वापरली. वास मात्र गेला नाही, त्यासाठी विहीर दोनदा उपसावी लागली. आणि वापरलेला बोळा चुलीजवळ ठेवू नका, भपकन पेटतो.