वाईनची बाटली निवडायची कशावरून?

धागाकर्ता: रॅकसमोर उभं राहिलं की बहुतेक जण फार महाग नको, अगदी स्वस्तही नको, असं म्हणत मधल्या किमतीची, देखण्या लेबलाची बाटली उचलतात. मला हे पटत नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगात एकच वाईन कधी १० डॉलरची, तर कधी ९० डॉलरची सांगून चाखायला दिली. ९० डॉलरवाली जास्त आवडली, आणि मेंदूच्या स्कॅनमध्येही तेच दिसलं! किमतीपुढे जिभेचं असं होत असेल, तर बाटलीवरचा मजकूर का वाचू नये? द्राक्षाची जात, प्रदेश, द्राक्षं तोडल्याचं साल, अल्कोहोलचं प्रमाण. साडेअकरा टक्क्यांची वाईन सहसा हलकी लागते, साडेचौदाची भरदार. तेवढ्यावरूनही बराच अंदाज येतो.

प्रतिसाद १: सहमत नाही. स्कॅनमध्ये दिसलेला आनंद खराच होता ना? आणि लेबल वाचून नवख्याला कळणार काय? फ्रान्समधल्या बोर्दो प्रदेशाच्या कित्येक बाटल्यांवर द्राक्षाचं नावच नसतं. लाल असेल तर आत बहुधा मेर्लो आणि कॅबर्ने सोव्हिन्यों या जातींची द्राक्षं, हे आधीच माहीत असावं लागतं. त्यापेक्षा ओळखीचा ब्रँड बरा. दरवर्षी साधारण तीच चव मिळते. यात कमीपणा कसला?

धागाकर्ता: आनंद खरा, पण तो आकड्याचा. आकडा बदलला की गेला. नावाचंही तसंच. १९७६ साली पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी नावं झाकून फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाईन चाखल्या, तर लाल आणि पांढरी, दोन्हींत कॅलिफोर्निया पहिली. नावं उघडी असती तर असं घडलं असतं?

प्रतिसाद २: जाणकारांचंही फार मनावर घेऊ नका. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या बोर्दोच्या प्रयोगात पांढऱ्या वाईनमध्ये नुसता लाल रंग मिसळला, तर वाईन शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन लाल वाईनच्या शब्दांत केलं. म्हणून पदकं आणि गुण मी बघतच नाही. सरळ विक्रेत्याला सांगते, ‘ड्राय, म्हणजे गोड नसलेली हवी, आंबटपणा चालेल, तुरट नको.’

प्रतिसाद १: आणि तो न खपणारा माल तुमच्या गळ्यात मारतो!

प्रतिसाद २: एकदा मारेल. पुढच्या वेळी त्याच लेबलाचा फोटो दाखवून काय आवडलं नाही ते सांगायचं. तरीही तसलीच बाटली पुढे केली, तर दुकान बदलायचं.