हद्दवाढीला संमती कोणाची हवी? ऑरेंज काउंटीतील सार्वमताविषयी

अनुराधा

अमेरिकेतील काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. फ्लोरिडातील ऑरेंज काउंटीच्या, म्हणजे ऑर्लँडो ज्या काउंटीत आहे तिच्या, मतदारांनी नोव्हेंबर 2024 मध्ये काउंटीच्या सनदेतील, म्हणजे तिच्या कारभाराच्या मूळ नियमावलीतील, दोन दुरुस्त्या मंजूर केल्या. एकीने ग्रामीण भागाभोवती सीमा आखण्याची तरतूद केली. दुसरीनुसार, त्या भागातील जमीन मालकाच्या अर्जावरून एखाद्या शहराला आपल्या हद्दीत घ्यायची असेल, तर काउंटीच्या निवडून आलेल्या मंडळाची साध्या बहुमताहून अधिक मतांची संमती आवश्यक झाली. चर्चा बहुतेक पहिलीचीच होते. मला दुसरी अधिक दूरगामी वाटते आणि तिचे मी समर्थन करते.

राज्याच्या कायद्यातील 171 व्या प्रकरणानुसार, जमीन शहराच्या हद्दीला लागून असली, तिचा आकार आटोपशीर असला आणि सर्व मालकांनी अर्जावर सह्या केल्या, की शहराची परिषद दोन आठवडे वर्तमानपत्रात सूचना देऊन ठरावाने ती जमीन आत घेऊ शकते. 'सर्व मालक' हे ऐकायला कडक वाटते. पण हजारो एकरांची मालकी एकाच कंपनीकडे असेल, तर सगळे काम एका सहीवर भागते. शेजाऱ्यांना मत नाही. काउंटीला सूचनेची प्रत टपालाने पोहोचते, एवढेच. ऑर्लँडोने 2024 मध्येच आग्नेयेकडील सहा हजारांहून अधिक एकर जमीन याच मार्गाने आत घेतली. वस्ती उभी राहिली, की वाहतूक काउंटीच्या रस्त्यांवर येते आणि मुले काउंटीभर एकच असलेल्या शाळा-यंत्रणेत जातात. ज्यांच्यावर भार पडणार, त्यांच्या प्रतिनिधींना नकार देण्याचा अधिकार असणे मला न्याय्य वाटते.

विनय

अनुराधाताई, आपली मांडणी काउंटी म्हणजे जणू तटस्थ पंच आहे, असे गृहीत धरते. ऑरेंज काउंटीतील अर्ध्याहून अधिक लोकसंख्या कोणत्याही शहराच्या हद्दीत राहत नाही. त्यांच्यासाठी काउंटी मंडळ हीच नगरपालिका असते. जमीन शहरात गेली, की तिथल्या बांधकामावरील नियंत्रण काउंटीच्या हातून सुटते. म्हणजे स्पर्धेतील एका पक्षाच्याच हाती शिट्टी दिली गेली आहे.

शिवाय सध्याचा कायदा आपण दाखवता तितका मोकाट नाही. ज्या समावेशामुळे मध्येच बेटासारखा तुकडा उरतो, त्याला तो मनाई करतो. जमीन हद्दीत आल्यावरही शहर आपल्या विकास आराखड्यात बदल करेपर्यंत काउंटीचाच आराखडा आणि जमीन-वापराचे तिचेच विभाग (झोनिंग) लागू राहतात. त्या बदलासाठी जाहीर सुनावणी होते आणि मोठ्या बदलांची राज्याकडून छाननीही होते. सांडपाण्याची वाहिनी आणि जवळचे अग्निशमन केंद्र मिळावे म्हणून, वेगळा मालमत्ता कर भरण्याची तयारी ठेवून जो मालक शहराकडे जातो, त्याच्या जमिनीचे भवितव्य वीस मैलांहून दूरच्या मतदारांनी का ठरवावे? काउंटीच्या पश्चिमेकडील पाइन हिल्समधील माणसाला पूर्वेकडील बिथलोजवळच्या कुरणाविषयी मत असू शकते. नकाराधिकार असू नये.

सुधीर

मी दोघांशीही असहमत आहे, कारण समावेश अडवला म्हणजे घरे अडतात, हे गृहीतकच मला पटत नाही. काउंटीच्या पूर्वेकडील ग्रामीण लेक पिकेट परिसरातील 'द ग्रो' हा दोन हजारांहून अधिक घरांचा प्रकल्प 2016 मध्ये काउंटी मंडळानेच मंजूर केला होता. त्याच वर्षी शेजारचा 'सस्टेनी' त्याच मंडळाने फेटाळला. म्हणजे ग्रामीण पट्टा वाचतो की नाही, हे हद्द कोणाची यावर नव्हे, तर त्या वेळी मंडळावर कोण बसले आहे यावर ठरत आले आहे.

सेमिनोल या शेजारच्या काउंटीने 2004 मध्ये अधिक नेमका उपाय निवडला. तिथल्या मतदारांनी सनदेत ग्रामीण सीमा घातली आणि सीमेच्या आतील जमीन उद्या एखाद्या शहरात गेली, तरी तिच्या वापरावरील नियंत्रण काउंटीकडेच राहील, अशी तरतूद केली. विंटर स्प्रिंग्स शहर त्याविरुद्ध न्यायालयात गेले. 2006 मध्ये अपील न्यायालयात निकाल काउंटीच्या बाजूने लागला. तिथे हद्दवाढीला बंदी नाही. हद्दवाढीमागचा मोह तेवढा काढून घेतला आहे.

अनुराधा

सुधीर, 'द ग्रो'चे उदाहरण मला अडचणीचे नाही. ती मंजुरी साध्या बहुमताच्या काळातील आहे आणि ग्रामीण सीमेच्या दुरुस्तीने अशा मंजुरीसाठी लागणाऱ्या मतांची अटच वाढवली. मंडळाने चूक केली, तर त्या परिसरातील रहिवासी पुढच्या निवडणुकीत निदान मंडळाविरुद्ध मत देऊ शकतात. शहराच्या परिषदेने चूक केली, तर हद्दीबाहेरच्या शेजाऱ्याच्या हाती काहीच नसते. तो त्या शहराचा मतदारच नाही. विनय यांच्या पंचाच्या दाखल्यात हा शेजारी कुठेच दिसत नाही.

प्राजक्ता

पुणेकर म्हणून वाचताना मला हेवा वाटला. पुणे महापालिकेत 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे घेतली गेली. दोन्ही वेळा निर्णय राज्य शासनाचा होता, मतदान कोणीच घेतले नाही. पुढे फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली.

विनय

प्राजक्ताताई, पुण्यातला प्रकार याच्या नेमका उलट आहे. तिथे गावकऱ्यांनी न मागता हद्द वाढली. अशा समावेशासाठी फ्लोरिडाच्या कायद्यात त्या भागातील मतदारांचे मत घेण्याची वेगळी प्रक्रिया आहे आणि ती मला पूर्ण मान्य आहे. इथे मालक स्वतः मागतो आहे आणि अडवणारा तिसराच आहे.

अनुराधाताईंच्या शेजाऱ्याविषयी मात्र उत्तर दिले पाहिजे. 2006 पासून राज्याच्या कायद्यात काउंटी आणि शहरांनी सेवाक्षेत्रांचे करार करण्याची सोय आहे: कोणता पट्टा पुढे कोणाकडे जाईल, रस्त्यांचा खर्च कोण करील, घनता किती असेल, हे त्यात आधीच ठरवता येते. करारासाठी दोन्ही बाजूंना टेबलावर यावे लागते. नकाराधिकार मिळालेल्या काउंटीला येण्याची गरजच उरत नाही.

आणि मुख्य म्हणजे या सार्वमतावर राज्याने कुरघोडी केलीच आहे. 2025 च्या सिनेट विधेयक 180 ने स्थानिक संस्थांना विकासावर अधिक कडक निर्बंध घालण्यास ऑक्टोबर 2027 पर्यंत, तेही ऑगस्ट 2024 पासूनच्या पूर्वलक्षी प्रभावाने, मनाई केली. ऑरेंज काउंटीचा 'व्हिजन 2050' हा विकास आराखडा राज्याच्या खात्याने त्याच आधारावर रद्दबातल ठरवला.

अनुराधा

करार चांगलेच; परंतु परवानगीविना जमीन घेता येत असताना शहराने करार का करावा? नकाराधिकारामुळेच शहराला टेबलावर येण्याचे कारण मिळते.

विधेयक 180 चा धोका ग्रामीण सीमेला आहे, हे मी मान्य करते. हद्दवाढीच्या अटीचा पाया वेगळा आहे. 171 व्या प्रकरणातच म्हटले आहे, की ज्या काउंटीच्या सनदेत नगरपालिका समावेशाची स्वतःची एकमेव पद्धत दिलेली आहे, तिथे मालकाच्या अर्जावरील समावेशाचे राज्याचे कलम लागू होत नाही. ही तरतूद जमिनीवर किती घरे बांधावीत हे सांगत नाही. संमती कोणी द्यायची, एवढेच ठरवते. विकासावरील निर्बंधात ती बसते, असे कोणाला म्हणायचे असेल, तर त्याने कोणत्या जमिनीवरील कोणते बांधकाम तिने अडवले, हे दाखवावे लागेल.