विज्ञानकथेतलं यंत्र खाऱ्या वाऱ्याला गंजत का नाही?

खाजणकाठ (धागाकर्ता)

किनाऱ्यावर घडणाऱ्या विज्ञानकथेचे दोन साचे ठरलेले. तांडेलाशिवाय (होडी हाकणाऱ्या प्रमुखाशिवाय) चालणारी होडी येते आणि खलाशी घरी बसतात, नाहीतर तीच होडी बिथरून माणसांवर उलटते. दोन्हींत यंत्र मात्र शेवटपर्यंत नवंकोरं.

हे यंत्र कोकणातल्या हर्णैच्या नाहीतर मिरकरवाड्याच्या जेट्टीवर ठेवून बघा. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की पाणी ओढतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते ३३ टक्क्यांलाच पाझरायला लागतं. म्हणजे आपल्याकडे यंत्राच्या पेटीवर बसलेला खार जवळजवळ कधी सुकतच नाही. पेटी अॅल्युमिनियमची आणि स्क्रू स्टेनलेसचे असले की त्या ओलीत दोन धातूंची बॅटरी तयार होते. स्क्रू चकचकीत राहतो, त्याच्याभोवतीचं अॅल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडतं. मग गॅस्केटवरचा (झाकणाखालच्या रबरी पट्टीवरचा) दाब सुटतो आणि ओल आत. ३०४ प्रतीच्या स्टेनलेसवर बारीक खड्डे पडतात. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं म्हणून ते जास्त टिकतं, पण फटीत खार साचला तर तेही हरतं.

इथे माणसाचा यंत्राशी रोजचा संबंध येतो तो गोड्या पाण्याचं फडकं फिरवताना. तो माणूस कथेत कुठेच का नसतो?

दीपमाळ

असहमत. कथा म्हणजे सर्व्हिस मॅन्युअल नव्हे. लेखक एक अशक्य गोष्ट मागतो, वाचक ती देतो, पुढचं सगळं तर्काने चालतं. नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने ‘कृष्णविवर’ पाठवली. पहिलं बक्षीस मिळालं ते कल्पनेला, यानाचं वंगण कोणी विचारलं नाही.

आणि ‘रोबो’ हा शब्द ज्या चेक लेखक चापेकच्या नाटकातून आला (१९२०), तिथले रोबो लोखंडाचे नव्हतेच. कृत्रिम मांसामज्जेचे होते. गंजणार काय, कपाळ? शब्दाचं मूळ चेक भाषेतल्या वेठबिगारीत आहे. प्रश्न पहिल्यापासून राबवून घेण्याचा आहे, गंजाचा नाही.

ओहोटी

दोघांनाही अर्धंच पटतंय. इंग्रज लेखक फॉर्स्टरची ‘द मशीन स्टॉप्स’ ही कथा १९०९ ची. तिथे सगळं जग एका यंत्रावर जगतं, आणि यंत्राची दुरुस्ती करणारं उपकरणच बिघडतं. आख्खं यंत्र समजणारा एकही माणूस उरलेला नसतो. म्हणजे देखभालीवर थोर कथा होते, तीही एका स्क्रूचं वर्णन न करता. धागाकर्त्यांचं ‘कुठेच नसतो’ तेवढं मागे घ्यावं.

सोल्डरगन

यंत्र बंद पडतं हे कथाकारांना ठाऊक असतं. बंद पडण्याआधी ते बराच काळ खोटं बोलतं, हे मात्र कथेत क्वचित येतं.

पाण्याचं तापमान मोजणारा १० किलोओहमचा थर्मिस्टर घ्या. पाणी तापलं की त्याचा रोध कमी होतो. कनेक्टरच्या पिनांवर हिरवा थर चढला आणि साधारण ४०० ओहम वाढले, तर यंत्र पाणी एक अंशाने गार सांगतं. उलट दोन पिनांमध्ये खारट ओल शिरून वीज पाझरली, तर तेच पाणी गरम दिसतं. कुठलाही लाल दिवा लागत नाही, आकडा पटण्यासारखाच असतो. आणि मासळी कुठे जमेल याचा अंदाज पाण्याच्या तापमानातल्या अशाच लहान फरकांवर बांधतात.

उपाय साधे आहेत: कल्हईची तांब्याची वायर, कनेक्टरमध्ये सिलिकॉन ग्रीस, केबल पेटीत खालच्या बाजूने घ्यायची आणि शिरण्याआधी तिला झोळ द्यायचा, म्हणजे पाणी तिथेच ठिबकतं. पेटीवर ‘आयपी ६७’ हा पाणी-धूळ रोखण्याचा दर्जा छापलाय म्हणून निर्धास्त राहू नये. ती चाचणी एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवण्याची आहे, गंजाबद्दल ती अवाक्षर काढत नाही.

रापणकर

गंज, पिना, ग्रीस... गजाली बऱ्या, पण मुद्दा सुटला. ‘यंत्र विरुद्ध तांडेल’ ही मांडणीच शहरातून आलेली. तांडेलाच्या हाताशी जीपीएस आणि फिश फाइंडर कधीचे आहेत. हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी सागरी माहिती केंद्राचा मासळीचा संदेश बंदरानुसार दिशा, अंतर आणि खोली सांगतो. तो बनतो उपग्रहाला दिसलेल्या पृष्ठभागाच्या तापमानावरून आणि हरितद्रव्यावरून. ढग आले की उपग्रह आंधळा.

भांडण होतं ते माणसामाणसांत. रापणीला, म्हणजे किनाऱ्याकडे ओढायच्या लांब जाळ्याला, किनाऱ्यावर उभं राहून ओढणारे कितीतरी हात लागतात आणि मासळीचे वाटे पडतात. पर्ससीनवाला यांत्रिक होडीतून मोठं जाळं टाकून समुद्रात मासळीचा थवाच्या थवा घेरतो, मग किनाऱ्यावरच्या दोराला काय लागणार? २०१६ च्या राज्याच्या आदेशाने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा ठेवली, ती यंत्र बिथरलं म्हणून नव्हे. उद्याच्या कथेत बिनखलाशी होडी आणा खुशाल, पण ती कोणाच्या मालकीची, कर्ज कोणाचं आणि वाटा कोणाचा बुडाला ते लिहा. हे जमलं तर ती गंजली नाही तरी चालेल.

खाजणकाठ

ओहोटी, मागे घेतलं. रापणकर, मालकीचा मुद्दा मान्य, पण गंज त्याच्या आतलाच आहे. वायर कल्हईची घ्यायची की साधी, हे मालक ठरवतो. आकडा खोटा निघाला की डिझेल जाळून रिकामा परततो तो खलाशी.

दीपमाळ

ही कथा लिहा, वाचेन. फक्त ग्रीसचा एकच परिच्छेद.

सोल्डरगन

लिहिणारच असाल तर पाण्याखालच्या रोबोंना वायरलेसवर गप्पा मारायला लावू नका. वायफायची लहर खाऱ्या पाण्यात काही सेंटिमीटरांत विरते. तिथे आवाजानेच बोलावं लागतं आणि तो सेकंदाला साधारण दीड किलोमीटर जातो. पंधरा किलोमीटरवरच्या जोडीदाराला ‘थांब’ पोचायला दहा सेकंद, त्याचा होकार यायला आणखी दहा. तेवढ्यात जाळं पंख्यात गेलेलं असतं.