श्वासनलिकेत नळी घालण्यापूर्वी प्राणवायू कसा द्यावा?

प्रश्न : नागपुरात अतिदक्षता विभागात निवासी डॉक्टर आहे. नळी घालताना रुग्णाचा प्राणवायू झपाट्याने घसरतो, याविषयी अलीकडचे कोणते संशोधन वाचावे?

उत्तर १ : ‘प्रीऑक्सी’ (२०२४) अवश्य वाचा. अमेरिकेतील १३०१ रुग्णांच्या या चाचणीत साध्या ऑक्सिजन मास्कऐवजी घट्ट मास्कमधून यंत्राच्या दाबाने श्वास दिल्यावर रक्तातील प्राणवायूची पातळी ८५ टक्क्यांखाली जाण्याचे प्रमाण १८.५ वरून ९.१ टक्क्यांवर आले, आणि आपल्याकडे हे यंत्र बहुधा खाटेजवळच असते.

प्रश्नकर्ती : पोट भरलेले असेल तर दाबामुळे उलटी फुफ्फुसात जाणार नाही का?

उत्तर १ : ते प्रमाण दाबाच्या गटात ०.९, मास्कच्या गटात १.४ टक्के होते. मात्र ज्यांना तत्काळ नळी हवी होती, असे रुग्ण चाचणीत नव्हते.

उत्तर २ : सोबत व्हिडिओ लॅरिंगोस्कोपवरील (नळी घालताना घशातील वाट पडद्यावर दाखवणारे कॅमेऱ्याचे उपकरण) ‘डिव्हाइस’ (२०२३) ही चाचणी वाचावी.