‘दीर्घायुष्याची जनुकं’ तपासून घ्यावीत का? माझं मत: पैसे वाया

कोरडा_शेरा
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर जाहिरात फिरतेय. नळीत थुंकी द्या, तुमच्यात दीर्घायुष्याची जनुकं किती ते सांगतो. दोघातिघांनी नावंही दिली!

१९९६ साली डेन्मार्कमधल्या जुळ्यांचा अभ्यास आला. १८७० ते १९०० दरम्यान जन्मलेल्या २,८७२ जोड्या. कोण किती जगलं, या फरकात आनुवंशिकतेचा वाटा निघाला साधारण पाव हिस्सा. २०१८ मध्ये कॅलिको आणि अ‍ॅन्सेस्ट्री या कंपन्यांच्या संशोधकांनी ४० कोटींहून जास्त लोकांच्या वंशावळी चाळल्या आणि तोही १० टक्क्यांच्या आत आला. कारण मजेशीर आहे. आयुर्मान भावाबहिणींचं जुळतं, तसं मेहुण्यांचंही जुळतं. मेहुण्याशी रक्ताचं नातं कुठलं? लोक आपल्यासारख्याच घरात सोयरीक करतात, एवढंच. (हे कळायला आपल्याला ४० कोटी नावं लागली नसती.)

आपल्याकडचं बघा. महर्षी कर्वे १०४ वर्षं जगले. थोरले चिरंजीव र. धों. ७१व्या वर्षी, १९५३ मध्ये गेले. वडिलांच्या नऊ वर्षं आधी.

पेशीवाली
साफ असहमत. एका घराला विदा म्हणत नाहीत. शिवाय मुलाकडे वडिलांची निम्मीच जनुकं येतात.

डॅनिश आकडा ज्यांच्यावरून काढला, त्यांचं अर्धं आयुष्य पेनिसिलिनच्या आधीचं. क्षय, न्यूमोनिया, अपघात यांत किती गेले असतील! एका वाफ्याला पाणी दिलं, दुसऱ्याला नाही, तर ज्वारीच्या उंचीतला फरक पाण्याचाच दिसणार. सगळीकडे सारखं पाणी फिरवा, मग बियाणं बोलेल. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या उरी अलोन यांच्या गटाने तेच केलं. बाहेरच्या कारणांनी झालेले मृत्यू हिशेबातून वेगळे काढले, तर वाटा निम्म्यापर्यंत गेला.

आणि सिंथिया केनियन यांचा १९९३ चा प्रयोग विसरताय. मिलिमीटरभर लांबीचा कृमी, त्याच्या ‘डॅफ-२’ या एकाच जनुकात बदल, आणि आयुष्य दुप्पट. म्हातारपणही उशिरा आलं. ही साखळी इन्शुलिनच्या संदेशांची, ती माणसातही आहे. तिच्यातल्याच ‘फॉक्सओ३’ जनुकाचं एक रूप २००८ मध्ये हवाईतल्या जपानी वंशाच्या दीर्घायुषी पुरुषांत जास्त आढळलं.

तिरकस
दोघेही थांबा. शंभरीचे म्हणून ज्यांना तपासता ते शंभरीचे आहेत कशावरून? २०१० मध्ये टोकियोत कागदोपत्री १११ वर्षांच्या आजोबांना भेटायला अधिकारी गेले, तर घरात ३० वर्षांपूर्वीचा मृतदेह. पेन्शन चालू होती. मग देशभर शोधलं, तर शंभरी ओलांडलेल्या २ लाख ३० हजारांहून जास्त माणसांचा पत्ताच नाही. असले घोळ उघडे पाडल्याबद्दल संशोधक सॉल न्यूमन यांना २०२४ चं इग्नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस) मिळालं.

आमच्या गावातले निम्मे म्हातारे १ जूनला जन्मलेत. गुरुजींची कृपा.

पेशीवाली
@तिरकस, हसले. पण हवाईतले पुरुष १९६५ पासून एका हृदयरोगाच्या अभ्यासात होते. म्हातारपणी कुणी येऊन ‘मी शंभरीचा’ म्हटलं नव्हतं.

कोरडा_शेरा
बरं, निम्मा वाटा धरू. पण तो समाजातल्या फरकाचा हिशेब आहे. माझ्या ८० वर्षांतली ४० जनुकांची, असा अर्थ होत नाही. आणि हा वाटा शेकडो ठिकाणी चिमूट चिमूट विखुरलेला. वेगवेगळ्या अभ्यासांत पुन्हापुन्हा सापडलेली जनुकं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी: एपीओई, फॉक्सओ३, फार तर आणखी एखादं. २०१० मध्ये बोस्टनच्या गटाने दावा केला की जनुकांतल्या १५० खुणांवरून शंभरी ७७ टक्के अचूकतेने ओळखता येते. नमुने जनुकं वाचणाऱ्या वेगवेगळ्या चिपांवर वाचले होते, त्यातून चुका शिरल्या. वर्षभराने ‘सायन्स’ या नियतकालिकातून निबंध मागे. नावाजलेल्या प्रयोगशाळेची ही गत, तर थुंकीवाल्यांची काय?

पेशीवाली
किटबद्दल सहमत, ते मी कधी विकतच नव्हते. पण धाग्यात तुम्ही किटबरोबर संशोधनही कचऱ्यात टाकलंत. जनुकं शोधायची ती भविष्य सांगायला नाही, औषध कुठे लागू पडेल ते कळायला. न्यूयॉर्कमध्ये नीर बार्झिलाय यांनी शंभरीच्या आसपासचे अश्केनाझी ज्यू तपासले. वजन, सिगारेट, व्यायाम, कशातच ते इतरांहून शहाणे नव्हते. मग त्यांना सांभाळलं कुणी?

नानांची_सून
आमचे नाना ९३ वर्षांचे होऊन गेले, बिडी शेवटपर्यंत. सासूबाई जन्मभर पथ्यावर, ७०ला गेल्या. नणंद म्हणते, ‘आमच्या घराण्यातच आहे ते.’ असेल बाई. पण नानांची शेवटची सहा वर्षं अंथरुणात गेली. कूस बदलायची, भरवायचं, सगळं मी केलं. ती सहा वर्षं त्या किटच्या रिपोर्टात कुठल्या रकान्यात येतात?

तिरकस
ताई, राग मानू नका. नानांची जन्मतारीख?

नानांची_सून
१ जून.