एकत्र कुटुंब म्हणे!

अंबडकर: काल इथंच एकानं टाकलं, ‘स्किझोफ्रेनियाचे (भास-भ्रम होतात त्या मानसिक आजाराचे) पेशंट लंडनपेक्षा भारतात चांगले सावरतात, जागतिक आरोग्य संघटनेनंच सांगितलंय, ही आपल्या एकत्र कुटुंबाची ताकद’. खाली नुसते हात जोडलेले. अहो, त्या अभ्यासांत आधी आग्रा होतं, मग चंदीगड. आमचं घनसावंगी नव्हतं. माझा चुलता 11 वर्षं गोठ्यात, म्हशीशेजारी बांधलेला. खुंट्याभोवती फिरून फिरून जमीन बशीसारखी खोल गेली होती. कुटुंब एकत्रच होतं, 16 माणसांचं.

मांजराकाठ: वाईट वाटलं वाचून. पण एका गोठ्यानं अभ्यास खोटा पडत नाही. त्याच अभ्यासांतल्या पेशंटना 15 अन् 25 वर्षांनी पुन्हा शोधून पाहिलं, निम्म्याच्या आसपास लोक बऱ्यापैकी होते. 2001 ला छापलंय. अन् लंडन-नॉटिंगहॅमचं बघा. 10 वर्षं मागोवा घेतला, तर काळे कॅरिबियन पेशंट सावरण्यात गोऱ्यांच्या मागंच. दवाखान्यात सक्तीची भरतीही त्यांचीच जास्त. गावं तीच, गोळ्या त्याच. म्हणजे भोवतालचे कसं वागवतात त्यावरच आहे ना?

अंबडकर: तिथं रंग, इथं आडनाव. गोठा कुणाला अन् पुण्याचा डॉक्टर कुणाला, हे मोजा की.

सेलूचा शेतकरी: सरकारी जुनी मनोरुग्णालयं चार. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. मराठवाडा कुठंय यात? बाकी आमच्या भावाचं लग्न लावलं अन् तो सुधारला. जबाबदारी पडली की माणूस ताळ्यावर येतो.

मांजराकाठ: पोरीकडच्यांना सांगितलं होतं?

सेलूचा शेतकरी: सगळं सांगत बसलं तर कुणाचंच लग्न व्हायचं नाही.

लातूरची ताई: लाज वाटू द्या जरा. माझ्या बहिणीला बाळंतपणानंतर भास व्हायला लागले, तर दिवाळीला म्हणून माहेरी आणून सोडली. पिशवीत दोन साड्या अन् गोळ्यांचं अर्धं पाकीट. न्यायला कुणी आलंच नाही. 9 वर्षं झाली, मंगळसूत्र काढत नाही. चेन्नईत अशा टाकलेल्या बायकांवर 2003 ला संशोधन छापून आलंय, ते नाही कुणी फॉरवर्ड करत.

सेलूचा शेतकरी: ताई, आमची भावजय नांदतेय. रोज गोळी तीच देते, समोर बसून गिळायला लावते.

लातूरची ताई: म्हणजे सुधारला गोळीनं. अन् नर्स फुकटात मिळाली.

सेलूचा शेतकरी: बरं बाई, गोळीनं. पण देणारं माणूस लागतं का नाही?

मांजराकाठ: सकाळपासून मी दुसरं काय सांगतेय!

अंबडकर: आमच्याकडं 16 होती. गोळी एकानंही दिली नाही. खुंटा मात्र दोनदा बदलला.